फळ्यामागची फाइल

कोल्हापूरच्या शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींचं एक दुकान आहे. त्या दुकानाच्या माडीवर, खिडकीशेजारच्या भिंतीला टेकून मी उभा असतो. मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. माझा डावा कोपरा उडालेला आहे, मधोमध एक चीर आहे आणि खडू त्या चिरेवरून गेला की अक्षराला हिसका बसतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या दिसण्यावरून कुणी बोलायला नको.

माझं लाकूड चंदगडच्या डोंगरातल्या फणसाचं. गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यात सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, काळा रंग दिला आणि गावच्या शाळेत तिसरीच्या वर्गात नेऊन उभं केलं. तिथे मी चाळीस वर्षं नोकरी केली. हो, मी तिला नोकरीच म्हणतो. दर शनिवारी मुलं कोळसा आणि पाला वाटून मला अंगभर चोळायची. तपासणीला साहेब आले की त्यांची नजर आधी माझ्यावर पडायची, आणि 'फळा स्वच्छ आहे' असा शेरा ते लिहून जायचे. मला त्याचा गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही.

पुढे शाळेत भिंतीवर पडदा आला. पडद्यावर चित्रं हलायची, बोलायची. मी चिरेचा म्हातारा, त्याच्यापुढे काय टिकणार? मोडक्या बाकांबरोबर माझाही लिलाव झाला. गावातल्याच रत्नव्वांनी मला घेतलं, पण लिहायला नाही. त्यांचा मुलगा सोमेश याला कोल्हापुरातल्या या दुकानात मांडणीसाठी रुंद फळी हवी होती. सात वर्षं मी आडवा पडून होतो, पाठीवर मोटारींची खोकी आणि तोंड जमिनीकडे. त्या सात वर्षांत माझ्यावर कुणी एक काना लिहिला नाही, मात्रा लिहिली नाही. फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

सोमेशची बायको दानेश्वरी हिने एका दिवाळीत दुकान झाडताना मला उलटं केलं, आणि मी फळा आहे हे तिला कळलं. तिने मला धुतलं, पुसलं, दोन माणसांकडून माडीवर नेलं. माझा आनंद काय सांगू! परत शाळा, परत मुलं. आणि रविवारी सकाळी मुलं आलीही. पण त्यांच्या बोलण्यातून कळलं की यातलं एकही मूल शाळेत जात नाही.

खरं सांगतो, मला राग आला. चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या फळ्याने शेवटी अशा मुलांपुढे उभं राहायचं? पण ऐकत गेलो तसा राग निवळला. ही अकरा घरं होती. आपल्या मुलांना घरीच शिकवायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि एकट्याने ते जमत नाही म्हणून दर रविवारी एकमेकांच्या आधाराला ती इथे जमत होती. उदयसिंह पाटलांचा पृथ्वीराज दोन्ही वेळ पोहायचा, शाळेच्या वेळेत त्याचं बसत नव्हतं. दानेश्वरीच्या जुळ्या मुली गर्दीत बोलायच्याच नाहीत, इथे मात्र त्यांना गप्प करावं लागायचं. आणि संघप्रियाची अक्षता होती. संघप्रिया दवाखान्यात नर्स. अक्षताला आठवीत असताना वर्गात फिट येऊ लागल्या. शाळा घाबरली, वर्गातल्या मुली लांब बसू लागल्या. औषधाने फिट थांबल्या, पण तोवर मुलीचं शाळेतलं मन उडालं होतं. आता ती पंधरा वर्षांची होती आणि घरीच दहावीचा अभ्यास करत होती.

अक्षता माझ्यावर गणितं सोडवायची. चीर आली की ती आकडा जरा सरकवून लिहायची. चाळीस वर्षांत हे कुणा गुरुजींनाही सुचलं नव्हतं.

तिने एक गोष्ट मनाशी धरली होती. जुन्या वर्गातल्या ज्या मुली तिच्यापासून लांब सरकल्या, त्या यंदा दहावीला होत्या. त्यांच्याच सालात आपणही परीक्षेला बसायचं. हे ती दानेश्वरीला एकदा माझ्यासमोर म्हणाली होती. "मावशी, मला त्यांच्या पुढं जायचं न्हाय. मागं तेवढं राह्यचं न्हाय."

त्या वर्षापर्यंत गटाचं सगळं काम दानेश्वरी एकटीच ओढत होती. सहल तिने ठरवायची, पुस्तकं तिने आणायची, कुणाचा दाखला अडला तर धावायचं तिनेच. ती महिनाभर तापाने झोपली आणि गट ठप्प झाला. मग सगळ्यांनी ठरवलं की आता समित्या नेमायच्या, ज्याने त्याने आपणहून काम उचलायचं. विचार चांगला होता. मला तर अभिमान वाटला, कारण हे सगळं माझ्यावर लिहिलं जाणार होतं.

खडू घेतला उदयसिंहांनी. त्यांनी अठरा वर्षं पेठेतलं गणेश मंडळ सांभाळलं होतं, त्यामुळे समिती कशी नेमायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते म्हणाले, "कुणाला डावलायचं न्हाय. घर तिथं पद." सगळ्यांना ते पटलं. मंडळात जसं असतं तसंच मग सुरू झालं. अध्यक्ष झाले, कार्याध्यक्ष झाले. एका घराला उपाध्यक्ष केलं तर शेजारच्या घराला वाईट वाटेल म्हणून दोन उपाध्यक्ष झाले. जो गप्प बसला त्याला सल्लागार केला. ज्याने नको म्हटलं त्याला मार्गदर्शक केला, कारण नको म्हणणाऱ्याला आग्रह करायचा असतोच. अभ्यास, सहल, खाऊ, पुस्तकं, परीक्षा, अशा पाच समित्यांत त्रेचाळीस नावं बसली. मी काठोकाठ भरलो. टाळ्या झाल्या, माझा फोटो काढून फोनवरच्या गटात टाकला गेला.

ज्यातल्या कुणाचंच नाव माझ्यावर नाही असं घर उरलं नाही. फक्त करायचं काय आहे, हे तेवढं कुठेच लिहिलेलं नव्हतं. फळ्याला हे दिसतं, मित्रांनो, पण बोलता येत नाही.

परीक्षा समितीत नऊ जण होते. उदयसिंह अध्यक्ष, सोमेश सचिव, संघप्रिया सल्लागार. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी जे परीक्षा मंडळ असतं, त्याचा अर्ज अक्षतासाठी भरायचा होता. संघप्रियाने सगळे कागद निळ्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातले आणि रीतीप्रमाणे अध्यक्षांच्या हातात दिले. उदयसिंह म्हणाले, अर्ज म्हणजे सचिवांचं खातं. सचिव सोमेश त्या दिवशी सांगलीला गेला होता. मग उदयसिंहांनी ती फाइल माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत उभी केली. इथे सगळ्यांची नजर पडते, हरवणार नाही, असं ते मोठ्याने म्हणाले आणि गटात तसा निरोपही टाकला. खाली अकरा अंगठे आले.

अंगठा म्हणजे वाचलं. प्रत्येकाला वाटलं, अंगठा म्हणजे झालं.

सोमेशला वाटलं, कागद अध्यक्षांनी हातात घेतले तेव्हा तेच भरणार. मोठ्या माणसाच्या हातातलं काम आपण कसं ओढायचं? एक उपाध्यक्ष दुसऱ्या उपाध्यक्षांवर विसंबले. संघप्रियाला वाटलं, नऊ माणसं आहेत, आपण सारखं विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. सगळी भली माणसं होती. एकमेकांचा मान राखत राखत त्यांनी तीन आठवडे घालवले. फाइल माझ्या पाठीला टेकून होती. अक्षता माझ्या तोंडावर बीजगणित सोडवायची आणि तिचा अर्ज माझ्या पाठीशी कोरा उभा होता. मला तेव्हा किती वाटलं, की आपण घसरून आदळावं, म्हणजे तरी कुणी मागे बघेल. पण मला बसवताना सोमेशने खाली दोन पक्के खिळे मारले होते.

मुदत एका शुक्रवारी संपली. रविवारी अक्षता आली आणि तिने सहज विचारलं की सेंटर कुठलं मिळालं. उदयसिंहांनी सोमेशकडे बघितलं. सोमेशने उदयसिंहांकडे बघितलं. बाकीचे माझ्याकडे बघू लागले. अक्षताने फटीत हात घातला, फाइल काढली आणि उघडली. वर तिचेच चार फोटो टाचलेले होते.

ती रडली नाही, ओरडली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि फाइल मांडीवर घेऊन फोटोंकडे बघत राहिली. संघप्रिया तिच्याजवळ जाऊन बसली. "ह्यांना काय बोलू मी?" ती म्हणाली. "आई असून मीबी समितीवरच सोडलं की गं."

पुढच्या आठवड्यात उदयसिंह परीक्षा मंडळाच्या केंद्रावर तीनदा जाऊन आले. उपयोग झाला नाही. पुढची परीक्षा या परीक्षेनंतर सहा महिन्यांनी होती. जुन्या वर्गातल्या मुली तोवर अकरावीत जाणार होत्या.

त्या रविवारी माडी भरली, पण कुणी हसत नव्हतं. रत्नव्वा लेकाकडे आल्या होत्या, त्याही येऊन बसल्या. उदयसिंह उभे राहिले. एवढा धिप्पाड माणूस, पण मान खाली होती. चूक माझी आहे, असं ते स्वच्छ म्हणाले, आणि अध्यक्षपदाचा राजीनामा त्यांनी खिशातून काढला. तो त्यांनी टाइप करून आणला होता.

रत्नव्वा म्हणाल्या, "राजीनाम्यानं फारम भरतोय व्हय, पाटील? खाली बसा."

तेव्हा अक्षता उठली. तिने फडकं घेतलं आणि मला पुसायला लागली. अध्यक्ष गेले, उपाध्यक्ष गेले, सल्लागारांत तिची आईही गेली. कुणी थांब म्हटलं नाही. मी पुन्हा काळा झालो. तिने तीन उभ्या रेघा मारल्या, चीर टाळून. मला वाटलं, पहिल्या रकान्यात ती काम लिहील आणि दुसऱ्यात काम करणारा. पण पहिल्या रकान्यावर तिने लिहिलं, 'कोणासाठी'. मग 'काय', मग 'कोण', मग 'कधीपर्यंत'. आणि 'कोणासाठी'च्या खाली तिने स्वतःचं नाव लिहिलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दिवसापर्यंत माझ्यावर त्रेचाळीस नावं होती, आणि त्यांत एकाही मुलाचं नाव नव्हतं.

"समोर एकच नाव पाहिजे," अक्षता म्हणाली. "दोन नकोत."

त्रेचाळीस पदं घेताना सगळे पुढे होते. एका कामापुढे एकटं नाव घालायचं म्हटल्यावर एकमेकांच्या मागे बसल्यासारखे झाले. मला त्यांचा राग आला नाही. एकट्या नावाला आडोसा नसतो, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

शेवटी उदयसिंहच उठले. खडू घेतला आणि अक्षताच्या नावासमोर, 'कोण'च्या खाली 'उदयसिंह' एवढंच लिहिलं. मागे पाटील नाही, पुढे पद नाही. चिरेवर 'सिं' अडखळला, पण त्यांनी तो पुसून परत लिहिला. मग सोमेश उठला, एकेक करून बाकीचे उठले. जुळ्यांसाठी पुस्तकं, पृथ्वीराजच्या जन्माच्या दाखल्यासाठी चंदगडची फेरी, अशी कामं खाली खाली भरत गेली. जिथे कुणाचं नाव येईना तिथे जागा मोकळी ठेवली. मोकळी जागा सगळ्यांना दिसत राहिली, म्हणून पुढच्या रविवारी ती भरली.

पुढच्या परीक्षेचे अर्ज सुरू झाले त्या पहिल्याच दिवशी उदयसिंह केंद्राच्या दारात होते. पावती घेऊन ते थेट माडीवर आले, पण माझ्यावरचं नाव त्यांनी पुसलं नाही. परीक्षेच्या सकाळी अक्षताला केंद्रावर सोडून आले आणि मगच पुसलं. फक्त आपलं. अक्षताचं नाव त्यांनी तसंच ठेवलं.

अक्षता पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली. पेढे आले, एक पेढा कुणीतरी माझ्या चौकटीवरही ठेवला. त्या गर्दीत ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि 'कोणासाठी'च्या खालचं तिचं नाव तिने स्वतःच्या तळव्याने पुसलं. मग आईला हळूच म्हणाली, "त्या आता अकरावीत हायत, आई." संघप्रियाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझी चीर वाढते आहे. मला वर्षातून एकदा काळा रंग द्या, ओल्या फडक्याने पुसू नका, एवढं माझ्यासाठी केलंत तरी पुष्कळ. पण खरं मागणं वेगळं आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या समितीत तुमचंही नाव येईल. ते लिहून घ्यायच्या आधी थोडं थांबा, आणि ज्याचं काम अडलं आहे त्याचं नाव पहिल्यांदा लिहा. माझ्यावरचं काहीही पुसता येतं. अक्षताचं ते साल मात्र मला कुणी परत लिहून दिलेलं नाही.