ठिगळाची बाही

मुक्ताईंचं मौन पहाटे उठल्यापासून असायचं, ते पोथीचा अध्याय संपला की साडेनवाला सुटायचं. बेचाळीस वर्षांत त्यात खंड नव्हता. "आई सकाळी म्यूटवर असतात," अशी सून अपेक्षा थट्टा करायची.

त्या दिवशी ऑफिसला निघताना अपेक्षा घाईघाईनं म्हणाली, "आई, माझं कॉलेजचं जीन्सचं जॅकेट बेडवर ठेवलंय. काल मोबाइलवर दाखवलं ना, तशा बाह्या कापा आणि कडेचे दोरे सोडा."

मुक्ताईंनी मान डोलावली. आत जाऊन बघतात तर बेडवर दोन जॅकेटं. दोन्ही निळी, दोन्ही विटलेली. त्या तशाच दाराकडे धावल्या. अपेक्षा लिफ्टमध्ये शिरत होती. मुक्ताईंनी बांगड्या वाजवल्या, दोन बोटं दाखवली. सासूबाई निरोप देताहेत असं वाटून तिनं हसून हात हलवला. लिफ्ट खाली गेली.

मौन सुटायला अजून तास होता. थांबायला हवं होतं. पण रिकामं बसणं मुक्ताईंच्या जिवावर यायचं, आणि कात्री चालवायला बोलावं थोडंच लागतं! त्यांनी त्यातल्या त्यात झिजलेलं जॅकेट उचललं, खांद्याच्या शिवणीलगत कात्री चालवली. दोन्ही बाह्या सुट्या झाल्या. मग सुईच्या टोकानं कडेचे पांढरे दोरे ओढून छान झालर सोडली.

पोथी बांधून ठेवतात न ठेवतात तोच फोन वाजला.

"आई, सांगायचं राहिलंच. बेडवर माझ्या बाबांचंही जॅकेट आहे, ते लाँड्रीत द्या. भोसरीला कारखान्यात रात्रपाळीला तेच घालून जायचे ना ते. उद्या त्यांना जाऊन वर्ष होतंय, ते अंगात घालूनच कात्रजला माहेरी जाईन म्हणते. कोपराला ठिगळ आहे बघा. त्याला हात नाही ना लावलात?"

मुक्ताईंच्या पुढ्यात सुटी बाही पडली होती. कोपराला ठिगळ होतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या.

त्यांनी फोन ठेवला. पहाटेपासून राखलेली वाणी, आणि तिच्यातून पहिला शब्द निघाला तो खोटा. देव्हाऱ्याकडे बघवेना.

त्यांनी शेजारच्या हिराबाईंना बोलावलं. हिराबाईंनी बाही उलटसुलट करून पाहिली. "कापलंय मात्र सफाईनं. दुकान टाकलं असतंत तर चाललं असतं." मग मुक्ताईंचा चेहरा पाहून त्यांचा सूर उतरला. "अहो, द्या जोडून, आणि म्हणा लाँड्रीवाल्यानं फाडलं. कोण बघायला जातंय?"

त्या गेल्यावर मुक्ताई मशीनवर बसल्या. कडेचं कापड झालरीत गेलेलं, त्यामुळे बाही खांद्याला पुरेना. ओढूनताणून बसवली, तर जाड थरात सुई काडकन मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. खाली रिक्षा थांबली की त्या उठून खिडकीतून बघायच्या. लाँड्रीवाल्याचं वाक्य त्यांनी मनात जुळवून पाहिलं. ते फार सहज जुळलं. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

सात वाजता कुलपात किल्ली फिरली. मुक्ताई जॅकेट आणि बाह्या हातांवर घेऊन दाराशीच उभ्या होत्या.

"सकाळी मी खोटं बोलले, अपेक्षा. तेव्हा कापून झालं होतं."

अपेक्षानं बाही घेतली. ठिगळावरून अंगठा फिरवला. बोलली मात्र काहीच नाही. एवढी वर्षं मौन पाळलेल्या मुक्ताईंना ती शांतता सोसवेना.

"मला विचारायचं ना."

"मौन होतं गं."

"मग लिहून विचारायचं! मेसेज करायचा! देवानं लिहायलाही बंदी केलीय का तुम्हाला?" तिचा आवाज चिरकला. ती आत गेली, दार आपटलं.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. डोळे लाल, हातात कॉलेजचं जॅकेट. "याची पट्टी कापून मध्ये जोडू. हातानंच शिवू."

"जोड दिसेल गं."

"दिसू दे. माझी आई विचारेल, तेव्हा तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. उद्या आठला निघायचंय."

आठला. कात्रजला पोचेपर्यंत साडेआठ. मौन सुटायला तास बाकी.

मुक्ताईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"सांगेन," त्या म्हणाल्या. "दारातच सांगेन."

आणि सुईत जाड दोरा ओवू लागल्या. नेढं काही सापडेना, शेवटी तो अपेक्षानंच ओवून दिला.