वाकलेला पडदा

माझ्या सासऱ्यांचे तीन वर्षांचे सुतक गावी फिटले, ते साल १९२७. आता माझी बायको म्यान गाव सोडून पॅरिसला येऊ शकत होती. अडले होते एका हमीच्या कागदावर. त्यावर आमच्या मालकीणबाई मादाम देल्व्हो सही करणार होत्या, पण शरदातल्या प्रदर्शनात त्यांचा घडीचा पडदा उभा राहिला तरच.

मादाम नक्षी काढायच्या, रोगण आम्ही चढवायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मेव्हणा ख्वात, म्यानचा थोरला भाऊ. पहिल्या महायुद्धात विमानांच्या पंख्यांना रोगण द्यायला आम्हाला फ्रेंचांच्या ताब्यातल्या टोंकिनहून, व्हिएतनामच्या उत्तरेतून, आणले होते, ते इथेच राहिलो. त्याला इथली भाषा येत होती, मला नव्हती. मादामशी बोलायचे ते त्यानेच.

पडदा आठ उंच फळ्यांचा होता. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जेवायची जागा वेगळी करायला ठेवतात तसा. त्यावर ना बगळा, ना कमळ. सगळा काळाभोर, आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी एक रुपेरी रेघ.

"गावात हा कुणी दाराशी ठेवला असता," ख्वात म्हणायचा, "तर लोकांनी विचारलं असतं, कारागीर अर्ध्यातच मेला का?"

पण कोऱ्या काळ्यात चूक लपत नाही. एकोणीस थर मी दिले. प्रत्येक थर पाण्याने घासला. आमचे रोगण दमट हवेतच वाळते, म्हणून कारखान्याच्या मागच्या खोलीत ओली गोणपाटे टांगलेली असत.

एकदा जेवताना ख्वात म्हणाला, "म्यानला आणणार म्हणे."

"माझी बायको आहे."

"माझी बहीण आधी आहे. वडिलांच्या तसबिरीपुढे उदबत्ती कोण लावील मग?"

"थोरले चिरंजीव तुम्ही. तुम्ही जा लावायला."

त्याचे वडील गेले तेव्हा तो इथेच होता, मातीलाही पोचला नव्हता, हे मला ठाऊक होते. त्याने भाताचा वाडगा खाली ठेवला. "हे लक्षात ठेवीन, दाजी."

विसावा, शेवटचा थर मी एका रविवारी सकाळी दिला. गोणपाटे भिजवली आणि म्यानसाठी भाड्याची खोली पाहायला गेलो. खोली चांगली होती, खिडकी पूर्वेला होती. संध्याकाळी परत आलो तर मागच्या खोलीत लोखंडी शेगडी धगधगत होती. गोणपाटे वाळून घडी घालून ठेवलेली. रोगण मधासारखे चिकट राहिले होते, चार फळ्या वाकल्या होत्या आणि पाचवीच्या सांध्याला भेग गेली होती.

ख्वात अंगणात विडी ओढत बसला होता.

"शेगडी कुणी पेटवली?"

"मादामनी. म्हणाल्या, ओलाव्यात राबून माणसं आजारी पडतील. शिवाय लवकर वाळेल."

"तुम्ही इथेच होतात?"

"लाकडं मीच आणून दिली. मागितली त्यांनी."

"एक वाक्य बोलायचं होतं."

"हो," तो म्हणाला. "एकच."

मी त्याला मारले. त्याचा पुढचा दात पडला. त्याने हात उचलला नाही, म्हणून आणखी मारले.

दुसऱ्या दिवशी मादामनी फळीवर बोट टेकवले आणि ख्वातला विचारले. तो बराच वेळ बोलला. मी शेगडीकडे हात करत राहिलो. मादाम माझ्या हातांकडे पाहून मान हलवत होत्या. पुढे अकरा वर्षांनी मला ती भाषा आली, तेव्हा त्यांनीच सांगितले: 'तुमचे मेव्हणे म्हणाले, बायकोच्या घाईत तुम्ही थर कच्च्यावरच चढवलात.'

सही झाली नाही. वाकडा पडदा मादामनी आम्हाला देऊन टाकला. ख्वातला आणि मला राहायला एकच खोली होती. तो पडदा मी दोन खाटांच्या मध्ये उभा केला. चूल वेगळी केली. दिवसा एकाच फळीवर काम करायचो, पण बोलत नव्हतो.

चार वर्षांनी गावाहून पत्र आले. मला वाचता येत नव्हते. ते मी पडद्यावरून पलीकडे टाकले. त्याने ते मोठ्याने वाचले, शेवटपर्यंत, आवाज न बदलता.

"आता उदबत्ती कोण लावील?" मी विचारले.



म्यान १९३१ च्या एप्रिलमध्ये गावी तापाने वारली. तिचे वय एकतीस होते. ख्वात १९४४ च्या फेब्रुवारीत याच खोलीत, पडद्याच्या पलीकडे वारला. त्याच्यासाठी मी उदबत्ती लावली नाही.