कनेक्शनवरची चिठ्ठी

ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जुन्या नकाशांच्या कपाटांमागे, संगणक विभाग होता. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक गळका एसी, त्याखाली एक बादली आणि दोन माणसं. विभागप्रमुखाला सगळे नियमावली म्हणत आणि त्याच्या हाताखालच्या प्रोग्रामर बाईला खटपटी. ही नावं कोणी ठेवली ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण ज्याने ठेवली त्याने काही हातचं राखलं नव्हतं. पेन्सिलीला टोक काढायचं झालं तरी नियमावली आधी विचारायचा, कोणत्या बाजूने काढायचं ते ठरलंय का. आणि खटपटीला चांगला चालणारा पंखा दिसला तरी तो एकदा उघडून बघावा असं वाटायचं.

एका मंगळवारी ग्रंथपालबाई एका दंतवैद्याला घेऊन वर आल्या. एका रहस्यकथामालेचा नवा भाग नुकताच आला होता. प्रती दोनच, आणि मागणी नोंदवणारे सत्तेचाळीस. दंतवैद्य गेल्या बुधवारी रांगेत तिसरा होता, शुक्रवारी सहावा झाला आणि आज नववा. तिन्ही दिवसांच्या यादीच्या छापील प्रती त्याने कोपऱ्याला कोपरा जुळवून आणल्या होत्या.

"रांग पुढे सरकते असं मी आजवर समजत होतो," तो म्हणाला. एवढंच बोलून तो खुर्चीत बसला, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठणार नाही हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं.

कोणीतरी आतून क्रम बदलत होतं, यात शंका नव्हती. क्रम बदलायची सोय सगळ्या कर्मचाऱ्यांना होती आणि कर्मचारी होते बावीस. पण बदल कोणी केला हे डेटाबेसला विचारावं, तर तो एकच नाव सांगे: ग्रंथालय. कारण साधं होतं. जावा या संगणकभाषेत लिहिलेला त्यांचा प्रोग्राम डेटाबेसशी दहा कनेक्शनं जोडून ठेवायचा, सगळी एकाच नावाने. दाराशी ठेवलेल्या कार्यालयाच्या छत्र्यांसारखी. ज्याला काम असेल त्याने एक उचलायची, काम झालं की परत ठेवायची. कोणती छत्री कोणी नेली होती, हे छत्रीला काय ठाऊक?

दंतवैद्याला कसंबसं वाटेला लावल्यावर खटपटीने आपला उपाय सांगितला. प्रत्येक कनेक्शनने कोणकोणती कामं केलीच पाहिजेत याची एक यादी जावाने ठरवून दिलेली आहे. त्या यादीला म्हणायचं इंटरफेस. डेटाबेस विकणारी कोणतीही कंपनी असो, तेवढी कामं तिला द्यावीच लागतात. पण त्यांच्या कंपनीच्या कनेक्शनला त्याहून एक जास्तीचं काम येत होतं. त्याच्यावर काम करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावता येत होती. मग त्या कनेक्शनवरून जो जो बदल होईल, त्याच्यापुढे डेटाबेस ते नाव लिहून ठेवायचा.

नियमावलीने मान हलवली, ती आडवी. त्याच्या मते ठरलेल्या यादीबाहेरचं काहीही वापरणं म्हणजे कंपनीचा घरजावई होणं. आज ही कंपनी आहे, उद्या दुसरी येईल, मग या लाडाच्या सोयी कोण पुरवणार? हा उद्या तो अकरा वर्षं सांगत होता आणि कंपनी काही बदलत नव्हती, पण हे त्याला तोंडावर कोण सांगणार. दुसऱ्या दिवसापासून त्याची दोन दिवसांची रजा होती. वडिलांचे डोळे तपासायला न्यायचे होते. जाताना त्याने बजावलं, की तो परत येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

खटपटीने हात लावला नाही असं तिला स्वतःला वाटत होतं. जुन्या यादीतला एक शब्दही तिने बदलला नाही. त्या अख्ख्या यादीला आपलंसं करणारा एक नवा इंटरफेस तिने लिहिला आणि तळाशी एकच काम वाढवलं: चिठ्ठी लाव. बाकीच्या प्रोग्रामला कनेक्शन पूर्वीसारखंच दिसत राहिलं. कंपनीचं अस्सल कनेक्शन एका साध्या वेष्टनात गुंडाळून हाती यायचं, ते वेष्टन सोडून आतल्याला हाक मारायचीही रीतसर सोय होती. तिने ती हाक मारली, आतून ओ आली, आणि गुरुवारी संध्याकाळी तिचा सापळा लागला.

सोमवारी दंतवैद्य नवव्याचा चौदावा झाला. खटपटीने घाईघाईने नोंद उघडली. बदल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी झाला होता आणि चिठ्ठीवरचं नाव होतं खुद्द विभागप्रमुखांचं.

तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. मग चेहरा शक्य तितका दुःखी करून तिने कागद छापला, ग्रंथपालबाईंना वर बोलावलं आणि त्यांच्यादेखत तो नियमावलीच्या टेबलावर ठेवला.

नियमावलीने तो दोनदा वाचला. ओरडला नाही, लाल झाला नाही.

"अकरा वीसला मी कुठे होतो?" त्याने विचारलं.

खटपटीने आठवून पाहिलं. आठवलं, आणि तिने कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. अकरा वीसला तो तिच्या डोळ्यांसमोर, गुडघ्यांवर बसून, एसीखालची भरलेली बादली बदलत होता.

"सव्वाअकराला मी एक नोंद तपासली," तो म्हणाला. "कनेक्शन घेतलं, परत ठेवलं. तुम्ही चिठ्ठी लावलीत. काढलीत कुठे?"

पाच मिनिटांनी ते कनेक्शन दुसऱ्या कोणीतरी उचललं होतं, नियमावलीच्या नावासकट, आणि पडद्यावरच्या ज्या जुन्या पानावरून क्रम बदलतात ते पान चिठ्ठी लावायच्या वाटेने जातच नव्हतं. खटपटीचे कान तापले. ग्रंथपालबाई जिना उतरून गेल्या. नियमावलीने रागवायला हवं होतं, पण त्याने पाणी प्यायलं आणि सांगितलं की नियम मोडलाच आहे तर निदान नीट मोडा. कनेक्शन हातात आलं की चिठ्ठी, परत जाताना कोरं, कोणत्याही पानासाठी. आणि हे का केलं ते प्रोग्रामच्या माथ्यावर नऊ ओळींत लिहून ठेवा. ओळी नऊच का, ते त्याने सांगितलं नाही.

त्या दिवशी तिने मान खाली घालून ते सगळं केलं.

बुधवारी खटपटी घरून काम करायची. दुपारी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढून ती खाली आली, तर दंतवैद्य एकोणिसावा झालेला. वेळ, एक वाजून वीस मिनिटं. चिठ्ठीवरचं नाव वाचून तिने लॅपटॉपचं झाकण आधी मिटलं आणि मग पुन्हा उघडलं. नाव तिचंच होतं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ! तिने चिठ्ठी लावणं तपासलं, काढणं तपासलं, ठाऊक असतील तेवढ्या सगळ्या खोड्या काढून पाहिल्या. या खेपेला प्रोग्रामचं काही चुकत नव्हतं. ती नोंद पुसणं तिला दोन मिनिटांचं काम होतं, आणि एक मिनिटभर तिने त्याचा विचारही केला. मग तिने मान वर केली. एक वीसला लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा होता, ती गच्चीवर होती आणि नवरा त्याच्या कामावर. घरात उरलेलं एकच माणूस खिडकीपाशी बसून शब्दकोडं सोडवत होतं.

"आई, मघाशी तुम्ही लॅपटॉपला हात लावलात?"

"हात कुठे लावला," सासूबाई कोड्यातून डोळे न काढता म्हणाल्या. "एक बोट लावलं."

सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन केंद्रात कॉल जोडण्यात काढली होती. रांग त्या काळीही असायची, आणि कोणाला आधी जोडायचं ते आपण आवाजावरून ठरवायचो, असं त्या अभिमानाने सांगत. सुनेच्या खांद्यामागून दोन बुधवार बघून त्या क्रम बदलायला शिकल्या होत्या. रोजचा लॅपटॉप तर संध्याकाळी घरीच यायचा, आणि सून आंघोळीला गेली की सकाळची पंधरा मिनिटं हक्काची. याच सोमवारी सून तो घरी विसरून गेली, तेव्हा तर अख्खी सकाळ मिळाली होती. पासवर्ड काय, तर नवऱ्याचा वाढदिवस. म्हणजे त्यांच्या पोटच्या पोराचा! त्यांना तो विसरणं शक्य तरी होतं का?

कोड्यांच्या वहीत मागच्या पानावर त्यांची यादी होती, प्रत्येकापुढे सभासद क्रमांक आणि कारण. एक मैत्रीण मुलीकडे राहायला जाणार, म्हणून तिला आधी. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या एका आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, मग महिनाभर वाचायला बंदी, म्हणून त्यांना त्याहून आधी. स्वतःच्या नावापुढे त्यांनी नुसतं 'वय' लिहिलं होतं. त्यांची प्रत गेल्याच आठवड्यात घरी आली होती आणि वाचूनही झाली होती. दंतवैद्यापुढे 'दाढ' असं होतं.

"दाढ म्हणजे?"

"त्याने माझी चांगली दाढ काढली आणि किडलेली ठेवली. मला दोनदा तोंड उघडायला लावलं. आता खुनी कोण ते कळायला त्यालाही जरा थांबू दे."

खटपटीला हसू आवरेना आणि हसावं अशी तर परिस्थिती नव्हती. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याने आधी आमटी वाढून घेतली. मग म्हणाला, मला वाटलं तूच आईला नंबर लावून देतेस. त्या मालेचे मागचे सगळे भाग आईनंतर तोही वाचत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खटपटीने नोंदीचा कागद आणि सासूबाईंची वही दोन्ही नियमावलीपुढे ठेवली आणि काही न वगळता सगळं सांगितलं. तो ऐकत होता, अधूनमधून वहीत बघत होता. आजोबांच्या सभासद क्रमांकापाशी त्याचं बोट थांबलं.

"हे माझे वडील," तो म्हणाला.

वडिलांच्या उशाशी ते पुस्तक त्याने पाहिलं होतं. दुकानातून आणलं, असं वडिलांनी सांगितलं होतं, आणि पुस्तकाच्या पाठीवर ग्रंथालयाचा शिक्का दिसत असूनही त्याने पुढे विचारलं नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला एक नियम सोयीने दिसला नव्हता. खटपटीला हे त्याने स्वतः सांगितलं, टेबलाकडे बघत. तिला चिमटा काढता आला असता. तिने काढला नाही, आणि त्याबद्दल स्वतःचं थोडं कौतुकही करून घेतलं.

दोघं मिळून खाली गेले आणि ग्रंथपालबाईंना सगळं सांगून टाकलं. बाईंचे निर्णय झटपट असत. खटपटीचं घरून काम करणं तीन महिने बंद, पासवर्ड आजच्या आज बदलायचा. भरपाई म्हणून दंतवैद्य थेट पहिल्या जागी. क्रम बदलताना कारण लिहिणं सक्तीचं, आणि कोणी बदलला ते नाव यादीतच दिसेल. म्हणजे चिठ्ठी राहणार होती. नियमावलीने तिला मंजुरी दिली, फक्त खटपटीच्या इंटरफेसचं नाव बदललं आणि तिच्या नऊ ओळींत दहावी घातली: कंपनी बदलल्यास हे काम नव्याने लिहावे लागेल.

शनिवारी सासूबाई पुस्तक परत करायला स्वतः आल्या. ग्रंथपालबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की ऑपरेशनसारखं कारण असेल तर नुसतं येऊन विचारलं असतं तरी पुस्तक मिळालं असतं.

"विचारून मिळालं असतं, हे मला कोणी सांगितलंच नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर हिरमुसलेला होता.

दंतवैद्याला निरोप गेला होता, तो आलाच. सासूबाईंनी उठून त्याची माफी मागितली, अगदी व्यवस्थित, चारचौघांत. दाढेचा विषय काढला नाही. पुस्तक त्याच्या हातात देताना मात्र हळूच म्हणाल्या, "बेचाळिसावं पान जरा सावकाश वाचा."

"काही सांगू नका," दंतवैद्य घाबरून म्हणाला.

"मी कुठे काय सांगितलं?"

तो निघाला, पण जिन्यापाशी थांबला. त्याने पुस्तक उघडलं, पान काढलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागला. संपवलं आणि पुन्हा वरून सुरू केलं.

परतीच्या वाटेवर न राहवून खटपटीने विचारलं, बेचाळिसाव्या पानावर आहे तरी काय.

"वाऱ्याचं वर्णन," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं काही नाही. पण आता शेवटापर्यंत त्याला चैन पडायचं नाही."