आठव्या तोटीची बिअर

"ओल्या मांजराचा वास येतोय," असं म्हणून मी ग्लास एलरॉयकडे परत सरकवला.

त्याने मान हलवली, खिशातून पेन्सिल काढून मी म्हटलं ते जसंच्या तसं कागदावर लिहून घेतलं आणि उरलेली बिअर माझ्याच बेसिनमध्ये ओतून टाकली. वाईट वाटलं का त्याला? अजिबात नाही. माझ्या तोंडून कौतुक ऐकायला तो आलाच नव्हता. एलरॉय टेस्कीला नाक हवं होतं आणि माझं नाक फुकट मिळत होतं. तीन वर्षांपूर्वीच्या आजारपणात त्याचा वासही गेला आणि चवही. तेव्हापासून त्याला कॉफी आणि गरम पाणी सारखंच. अशा माणसाने बिअर गाळायला घेतली म्हणजे बहिऱ्याने पेटी शिकवायला काढावी तशातली गत, असं मी त्याला तोंडावर सांगितलंही होतं. तो म्हणाला, "म्हणूनच तुझ्याकडे येतो. तू खोटं बोलत नाहीस."

खोटं मी बोलत नाही हे खरं आहे. चाळीस वर्षं बार चालवतेय. विस्कॉन्सिनमधल्या या गावात बाप्तिस्म्यापासून मयतापर्यंत कुठलीही गोष्ट बिअरशिवाय होत नाही, आणि प्रत्येक माणूस स्वतःला तिच्यातला जाणकार समजतो. मला विचाराल तर शंभरात दोघांना कळतं. त्या दोघांतला एक एलरॉय.

एकतीस वर्षं त्याने बिअर पुरवणाऱ्या एका कंपनीत एकच काम केलं. जिल्ह्यातल्या बारमध्ये जायचं आणि पिंपापासून तोटीपर्यंतच्या नळ्या धुवायच्या. दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे यायचा. कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवायचं, तोटी खोलायची, बारीक ब्रश घालून आतली बुळबुळ काढायची, परत जोडायची, निघायचं. बिअर चांगली लागली की लोक कंपनीचं नाव घेतात, वाईट लागली की मला शिव्या घालतात. मधल्या नळीत हात घालून बसलेल्या माणसाचं नाव कोण घेतंय? मीही कधी घेतलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने तळघरात बिअर करायला सुरुवात केली. साधी, पिवळी, पातळ अंगाची, त्याच्या आजोबांच्या काळी इथे सगळे प्यायचे तशी. जुन्या फ्रिजच्या दाराला भोक पाडून एकच तोटी बसवली आणि आत दहा फूट नळीचं वेटोळं. बघणारे हसायचे की एवढ्याशा फ्रिजात एवढी नळी कशाला. पण नळी आखूड असली की नुसता फेस येतो. मग घरी बिअर करणारे हौशी लोक पिंपातल्या गॅसचा दाब कमी करतात, आणि चार दिवसांत बिअर पाणचट होते. मग म्हणतात, यीस्टच खराब होतं. एलरॉय कुणाला काही समजावायला जात नसे. विचारलं कुणी तर सांगायचा, पण विचारतंय कोण.

त्याला एकच गोष्ट हवी होती. नातीच्या, डार्सीच्या लग्नात त्याच्या हातची बिअर लोकांनी प्यावी. "एकतीस वर्षं लोक माझ्यामुळे चांगलं प्याले," तो मला म्हणाला होता, "एकालाही माहीत नाही. एकदा माझं म्हणून प्यावं, लव्हॉन. एकदाच."

म्हणून चार महिने, नवं पिंप तयार झालं की मंगळवारी सकाळी, बार उघडायच्या आधी, तो बाटली घेऊन यायचा. पहिल्या खेपेला मी म्हटलं, पोतेरं पिळलंय. दुसऱ्या खेपेला उकडलेला कोबी. तिसऱ्या खेपेला ते मांजर. प्रत्येक वेळी तो घरी जाऊन अख्खं पिंप ओतून द्यायचा आणि नव्याने धान्य भिजवायचा. चौथ्या खेपेला मी दोन घोट घेतले, थांबले, आणखी एक घेतला आणि म्हटलं, "चालेल." त्याने कागदावर तेवढंच लिहिलं. मग कागदाची चार वेळा घडी घालून तो वरच्या खिशात ठेवला.

आता नवऱ्यामुलाच्या बापाविषयी. डॉक्टर ट्रेंट हॅल्व्हरसन, दातांचा डॉक्टर, आणि गावातल्या घरगुती बिअरवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. मंडळात बारा पुरुष, सगळ्यांच्या दाढ्या छातीपर्यंत आणि अक्कल त्याहून आखूड. हे लोक बिअरमध्ये आंबा घालतात, मिरची घालतात, शेंगदाण्याचं लोणी घालतात. घरातलं फडताळ साफ करायला काढलंय की दारू गाळायला, कळत नाही. डॉक्टरांनी तर घोडे न्यायची जुनी गाडी विकत घेऊन तिच्या अंगाला आठ तोट्या बसवल्या होत्या. वर टीव्हीसारखा पडदा, पडद्यावर प्रत्येक बिअरचं नाव आणि डोंगराचं चित्र. ज्याला एक पिंप धड सांभाळता येत नाही तो आठ लावतो, हा माझा अनुभव आहे.

लग्न जुलैतल्या शनिवारी दुपारी, डॉक्टरांच्याच तळ्याकाठच्या हिरवळीवर. एलरॉय सकाळी लवकर पिंप घेऊन आला. सोबत त्याने स्वतः केलेली पेटी होती. बर्फाची साधी पेटी, आत स्टीलच्या नळीचं वेटोळं, बाहेर एक तोटी. ती त्याने आदल्या दिवशी तीनदा धुतली होती. डॉक्टर हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एलरॉय, ही पेटी फोटोत बरी नाही हो दिसणार. तुमचं पिंप आमच्या गाडीला लावू. आठवी तोटी तुमची."

एलरॉयने एवढंच विचारलं, "नळ्या धुतल्यात ना?"

"बटण दाबलं की गाडी आपोआप धुते," डॉक्टर म्हणाले.

मुलीकडच्या माणसाने किती ताणायचं? त्याने पिंप उचलून त्यांच्या गाडीकडे नेलं. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, तोटी खोलून बघ एकदा. तर म्हणतो, दुसऱ्याच्या दारात लग्नाच्या दिवशी पाना घेऊन बसू का मी? आणि दातांचा डॉक्टर आहे तो, स्वच्छता त्याला नाही कळणार तर कुणाला कळणार. पेटी परत एलरॉयच्या गाडीत गेली.

लग्न लागलं. अकॉर्डियनवाला आला, सॉसेज भाजायला लागले, बटाट्याचं सॅलड उन्हात मऊ पडलं. पडद्यावर आठव्या तोटीसमोर "आजोबांची" असं लिहिलं होतं, ते डार्सीने लिहायला लावलं होतं. लोक आधी तिथेच गेले. एक घोट घ्यायचे, नवरीच्या आजोबांकडे बघून हसायचे, "छान झालीय हं, एलरॉय," म्हणायचे आणि थोडं पुढे जाऊन ग्लास कुठल्यातरी टेबलावर ठेवून द्यायचे. तासाभरात हिरवळीवर जिकडे बघावं तिकडे तेच भरलेले ग्लास. एलरॉय निळा सूट घालून, हात मागे बांधून त्या टेबलांमधून फिरत होता. तो ग्लास बघत होता. मी त्याला बघत होते.

मी उठले आणि आठव्या तोटीखाली ग्लास धरला. सडलेलं लोणी आणि व्हिनेगर. चाळीस वर्षं बारमागे काढलेल्या बाईला हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. हा वास पिंपातला नसतो, महिनोन्‌महिने न धुतलेल्या नळीतला असतो. तिथे उभ्या दाढीवाल्याला विचारलं, ही तोटी शेवटची कधी चालवली होती. तो म्हणाला, गेल्या ऑक्टोबरात, भोपळ्याच्या बिअरला. बटण? ते पहिल्या सात तोट्यांनाच आहे, आठवी नंतर जोडली.

मी एलरॉयच्या गाडीतल्या पेटीतून त्याने जास्तीची ठेवलेली हातभर नळी आणि छोटी प्लास्टिकची तोटी काढली, डॉक्टरांच्या गाडीच्या मागे जाऊन त्याच्या पिंपाची जोडणी उपसली आणि ती नळी थेट लावली. ग्लास भरला. प्यायले.

काय सांगू? त्या मंगळवारी मी "चालेल" म्हटलं होतं ती बिअर कोवळी होती. मधल्या तीन आठवड्यांत ती थंडीत मुरली होती. भाकरीच्या ताज्या पापुद्र्याचा वास, शेवटी जरासा कडूपणा, आणि तोंड स्वच्छ. चाळीस वर्षांत माझ्या बारच्या तोटीतून अशी बिअर आली नाही. मला त्या क्षणी रडू आलं, आणि मग असा राग आला की मी ग्लास घेऊन तडक डॉक्टरांकडे गेले.

ते केकच्या टेबलापाशी होते. मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं, ग्लास पुढे केला. त्यांनी तो हातात घेतलाही नाही. "लव्हॉन, आता केक कापायचाय. आणि खरं सांगू का, तळघरातली बिअर अशीच असते. आम्ही कुणी त्यांना काही म्हटलंय का? सगळे गोडच बोलतायत त्यांच्याशी." दुसऱ्याच्या कष्टांची माती करून वर औदार्य दाखवणारी माणसं मी बरीच पाहिलीत, पण इतके पांढरेशुभ्र दात काढून हसणारा पहिलाच. ग्लास त्याच्या शर्टावर ओतायचं मनात आलं होतं. मागे डार्सी फोटोला उभी होती म्हणून वाचला.

एलरॉय स्वतःच्या गाडीपाशी एकटा उभा होता. मी भरलेला ग्लास त्याच्या हातात दिला.

"तुझ्या पिंपातून थेट काढलीय. त्यांची नळी घाण आहे, एलरॉय. तुझी बिअर उत्तम आहे."

तो जरासा हसला. "एकतीस वर्षं, लव्हॉन. ज्या ज्या बारवाल्याची बिअर फसली, त्याने मला हेच सांगितलं. नळी घाण आहे."

"अरे, मी चाखलीय."

"मग सांग. कशी आहे?"

इथे मी चूक केली. आयुष्यात ज्याला एक गोड शब्द दिला नाही, त्याला एकदम सगळे द्यायला निघाले. म्हटलं, चाळीस वर्षांत अशी बिअर प्यायले नाही. म्हटलं, तुझ्यासारखा हात या जिल्ह्यात कुणाचा नाही. आणि वर मी त्याच्या दंडावर हात ठेवला होता. मी. लव्हॉन.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. दुपारभर सगळ्यांकडे पाहत होता तसंच.

"इतकी वाईट झाली?" त्याने विचारलं.

मी शपथा घेतल्या. शिव्यासुद्धा दिल्या, पण त्याही रडक्या निघाल्या. तो माझा हात थोपटत राहिला, मलाच समजावल्यासारखा. ग्लास त्याने मला परत दिला. म्हणाला, तू मन राखलंस, खूप झालं, पण डार्सीला यातलं काही बोलू नकोस. तिला वाटतंय सगळ्यांना आवडली, तर तसंच असू दे.

मग तो डॉक्टरांच्या गाडीमागे गेला, पिंप सोडवलं आणि झाडीच्या कडेला घेऊन आला. कोट काढून फांदीला अडकवला, बाह्या दुमडल्या. आधी झडप उघडून आतला गॅस जाऊ दिला, तो पूर्ण जाईपर्यंत थांबला, मग झाकण काढलं. पिंप आडवं करून त्याने सगळी बिअर गवतावर ओतली. निम्म्याहून जास्त पिंप शिल्लक होतं. कुणी ग्लासभरही संपवली नव्हती.

फेस पांढरा, दाट आला आणि गवतावर तसाच उभा राहिला. असा फेस खराब बिअरला येत नाही. हे बघायला नाक लागत नाही, जीभ लागत नाही, आणि ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण तो तोवर बागेतला पाण्याचा पाइप घेऊन गुडघ्यांवर बसला होता आणि पिंपात हात कोपरापर्यंत घालून ते घासत होता.