कानामागचा ठिपका

दिवस कधी उगवला आणि कधी कलला, हे बाळंतिणीला विचारू नये. तिला ते ठाऊक नसतं. सव्वा महिना उलटून पार अडीच महिने झाले, तरी भिमाबाईंनी सुनेच्या खाटेखालची शेगडी हलवली नव्हती. निखाऱ्यांवर ओवा-शेपा तडतडायच्या, खिडकीला गोधडी टांगलेली असायची आणि त्या धुरात सुमन दुपारभर पडून राहायची. डोळे मिटले की वाटायचं, आपण पाठीवर झोपून गोदावरीत संथ वाहत चाललोय. अंगाखाली पाणी ऊन ऊन, आणि पोटावर लेक. लेकीचं नाव यशोधरा, पण सगळ्यांची यशू.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण सुमनला माहेर होतं कुठं? चांदवडकडच्या खेड्यात नुसता बाप. आई तिला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी गेली. मग ज्या बाईच्या अंगावर पोर असेल, तिच्या पदराखाली सुमनला सरकवायचं, असं चालायचं. आज हिच्या, उद्या तिच्या. मोठेपणी बाया भेटल्या की हसून म्हणायच्या, "माझंबी प्यालीस गं तू!" त्यांना गंमत वाटे, सुमनला मेल्याहून मेल्यासारखं होई. तिनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं, माझी लेक माझंच दूध पिईल, दुसऱ्या कुणाचं नाही.

आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. महिन्याभरात दूध आटलं. यशू ओढून ओढून दमायची, मग टाहो फोडायची. अंबडच्या नव्या कारखान्यातून सायकल हाणत घरी आलेला तिचा नवरा सहादू म्हणाला, "अगं, डब्याचं आणू. डॉक्टर तेच म्हणतात." झालं! सुमननं दोन दिवस जेवण सोडलं. भिमाबाई लेकावर खेकसल्या, "गप रे. डबा नको न् काय नको. अळीव घालते, डिंक घालते. येतंय दूध."

आणि आलं की! आठवड्याभरात यशू निवांत झाली. गालांवर बाळसं चढलं. सुमन तिला पदराखाली घ्यायची, ती दोन घोट प्यायची आणि तृप्त होऊन झोपायची. "बघा आत्याबाई, आलं ना?" सुमन मिरवायची. भिमाबाई म्हणायच्या, "आलं गं बाय, आलं." आणि दुपारी पोरीला फडक्यात गुंडाळून निघायच्या, "जरा उन्हाला नेते. तू नीज."

सुमन निजायची. स्वप्नात दूध पाटाच्या पाण्यासारखं वाहायचं, त्याच्या काठानं बाभळी फुललेल्या असायच्या. कधी खाटेच्या पायथ्याशी एक शेळी येऊन उभी राहायची आणि शांतपणे पाला चघळत तिच्याकडे बघायची. यशू परत कुशीत आली की तिच्या टोपड्याला त्याच शेळीचा उग्र वास यायचा. सुमन म्हणायची, स्वप्नच आहे झालं, आणि कूस बदलायची.

अशातच एक दिवस तिला यशूच्या कानामागं काळा ठिपका दिसला, मोहरीएवढा.

आता ही तीट दुसऱ्या कुठल्या घरात असती तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण भिमाबाईंचं घर तसलं नव्हतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली त्यांनी देव्हारा मोकळा केला होता. दृष्ट, तीट, गंडा, लिंबू, सगळं एका झटक्यात बंद. आणि त्याच भिमाबाईंनी नातीसाठी चोरून काजळ लावलं? कुणाला दिसू नये म्हणून कानामागं? सुमनचे डोळेच भरले. सख्खी आईसुद्धा याहून काय करणार, असं तिला वाटलं. ती काही बोलली नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला ओशाळं करायचं?

ठिपका दुसऱ्या दिवशी होता, तिसऱ्याही दिवशी होता. पाचव्या दिवशी तर चांगला मसुराच्या डाळीएवढा झाला. आज हात जरा सढळ पडलेला दिसतोय, म्हणून सुमन मनात हसली.

सहाव्या दिवशी सकाळी यशूचं अंग कोमट लागलं. भिमाबाई तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "सुमन, एक बोलू का? राग नको मानू. बिनआईची पोर तू, म्हणून इतके दिवस गप बसले. तेवढा ठिपका न पुसता न्हाऊ घातलं. पण आता तीट लावणं बंद कर, बाय."

"मी?" सुमन उठूनच बसली. "मी कुठं लावते? तुम्हीच लावता ना?"

 मग भिमाबाईंनी पोरीला दारातल्या उजेडात नेलं, कान मुडपला, आणि ओल्या बोटानं ठिपका चोळला. तो पुसला गेला नाही. त्याला बारीक पाय होते, आणि तोंड कातडीत घट्ट रोवलेलं.

"अगं बाई! गोचीड!" भिमाबाई किंचाळल्या. "राकेल आण!"

"राकेल नको, थांबा!" सुमन ओरडली, आणि तशीच अनवाणी, डोक्याचा रुमाल सावरत गोटीरामकडे धावली. अडीच महिन्यांत तिनं उंबरा ओलांडला नव्हता. उन्हानं डोळे दिपले, सगळी वस्ती पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. गोटीराम चार घरं सोडून राहायचा आणि जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. ड्यूटीवर निघालेला तो चिमटा आणि भिंग घेऊन आला.

"राकेल नाही, काडी नाही, काही नाही," तो म्हणाला. "चिडवली की ती घाण ओकते." त्यानं चिमटा अगदी कातडीला टेकवला, आणि सरळ, हळूहळू वर ओढला. यशू कळवळली. गोचीड अख्खी निघाली, तोंडासकट. 

गोटीरामनं ती कागदावर ठेवली, भिंग लावलं, आणि बराच वेळ बघत बसला. सुमनला ते युगासारखं वाटलं.

"कसली आहे, भाऊ? विषारी आहे का?"

"तेच बघतोय. वस्तीत मिळते ती कुत्र्याची. लालसर, लांबट. ही तशी नाही. गाई-म्हशीचीही नाही. तिचं तोंड वेगळं." त्यानं भिंग सुमनच्या हातात दिलं. "बघा, तोंड कसं पसरट, तिकोनी आहे. आणि हिला डोळेच नसतात. आंधळी. ही डोंगराकडच्या शेळ्यांवर असते. पेठकडनं बाजाराला शेळ्या येतात ना, त्यांच्या कानांत मी हजार बघितल्यात. मावशी, घरात शेळी आहे का?"

"नाही हो," सुमन म्हणाली. "आमच्याकडं कुठली शेळी?"

 भिमाबाईंनी यशूला उराशी घेतलं आणि त्या खाली बसल्या.

"पोरीला डॉक्टरला दाखवा, कागद सोबत न्या," एवढं सांगून गोटीराम शहाण्यासारखा निघून गेला.

"बयाबाईची शेळी," भिमाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "नाल्यापल्याड राहती ती, पेठकडची. रोज दुपारी तिथं नेत होते. दूध उकळून, पाणी घालून, बोंडल्यानं पाजत होते. शेळीशेजारीच बसायचो आम्ही."

"म्हणजे माझं दूध..."

"नव्हतं पुरत, पोरी. लेकरू सुकत चाललं होतं. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा जेवण टाकलं असतंस. मग दोघींना कुठनं जगवू मी?"

"तुम्ही मला फसवलंत, आत्याबाई."

"फसवलं," भिमाबाई म्हणाल्या. "हो, फसवलं."

डॉक्टरांनी तपासून औषध दिलं, भिण्यासारखं काही नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पण भिमाबाईंनी पोरीला उन्हाला न्यायचं नाव काढलं नाही. दुपारी यशू रडायला लागली. सुमननं तिला पदराखाली घेतलं. दोन घोट, चार घोट, मग रिकामं. यशू तोंड सोडून टाहो फोडू लागली.  आता डोळे मिटून घ्यायला स्वप्न उरलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला कळत होतंच. टोपड्याचा तो वास काय स्वप्नातला होता? तिनंच कूस बदलली होती, रोज.

तिनं लेकीला फडक्यात गुंडाळलं आणि नाला ओलांडला.

बयाबाई दारातच होती. "आज म्हातारी नाय आली? तू आई का गं हिची? लय गुणाची पोर हाय," असं म्हणून तिनं कोमट दुधाचं बोंडलं पुढं केलं. पितळेचं, लहानसं, चोच असलेलं. सुमननं ते यशूच्या ओठांना लावलं. दूध गालावरून ओघळलं, कानात गेलं. यशूला ठसका लागला. सुमननं पुन्हा लावलं, पुन्हा सांडलं. तिला रडूच फुटलं. माझं पाजायला नाही, आणि दुसऱ्याचं पाजता येत नाही!

मान वर केली तर कुडाच्या बाहेर भिमाबाई उभ्या होत्या. मागोमाग आल्या असाव्यात. आत यायचा धीर होत नव्हता.

"तिथं काय उभ्या राहिलात?" सुमन रडत रडत ओरडली. "आत या ना! मला नाही जमत हे!"

भिमाबाई लगबगीनं आल्या, शेजारी टेकल्या. त्यांनी बोंडलं सुमनच्या हातातून घेतलं नाही. तिच्याच हातावर आपला हात ठेवला आणि मनगट किंचित कलतं केलं. "अस्सं. गालाच्या कडेनं सोड. घाई नको."

यशू मुटूमुटू प्यायला लागली. हात आजीचा होता, दूध शेळीचं होतं. पण पोरगी पिता पिता टक लावून बघत होती ती सुमनकडे.