चार बोटांचे माप

वाचकहो, चित्त स्थिर करून ऐकावे. सुई टोचून दुखणी बरी करण्याची चिनी विद्या वऱ्हाडातील लेकरांच्या कल्याणार्थ कशी आणली गेली, आणि अखेरीस ती आणणाराच्याच गुडघ्यात कशी रुतली, ह्याचे येथे यथासांग निरूपण होईल. कथेचा नायक पुंजाराम हाच तिचा लेखकही आहे. परंतु ‘मी’ म्हणून लिहू लागताच त्याची लेखणी त्याला शहाणा ठरवू लागते, म्हणून त्याला परक्यासारखे नावानेच हाकारणे बरे.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हाची गोष्ट. पुंजाराम हा अमरावतीच्या बाजारातील कापसाचा पारखी. चिमूटभर रुई चिमटीत ओढून तो धाग्याची लांबी सांगे, आणि आपली बोटे हेच जगाचे माप, असा त्याचा सिद्धांत झाला होता. माल घेऊन मुंबईस गेला असता मिठाईचा अतिरेक होऊन त्याचे पोट फुगले. बंदरावरील एका चिनी सुताराने पुंजारामाचाच हात त्याच्या गुडघ्याखाली ठेवून चार बोटे मोजली व तेथे बारीक सुई टोचली. भयाने पुंजारामाने डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा पोट हलके होते. एवढ्या अध्ययनावर तो वैद्य झाला आणि सुया विकत घेऊन परतला.

लवकरच अकोल्याहून लेकीचा, वच्छलेचा, निरोप आला. तिच्या लहानग्या गोंदूचे पोट नगाऱ्यासारखे फुगले होते, आणि सासू पार्बताबाई तापल्या विळ्याने त्यावर डाग देणार होती. त्या काळी लेकरांच्या पोटदुखीवर घरोघरी हाच उपाय. पुंजाराम पोचला तेव्हा विळा चुलीत लाल होऊ लागला होता.

“बाबा, काईबी करा, पण माह्या लेकराले डागू देऊ नका,” वच्छला रडत म्हणाली.

“मले बी लहानपनी डागलं होतं,” पार्बताबाई विळा उलटवीत म्हणाली. “मेली काय मी?”

“विहीणबाई, शास्त्र आता पुढे गेले आहे,” पुंजाराम वदला.

“जाऊ द्या त्याले पुढं. विळा तापला का मी थांबनार नाई, इवाई.”

पुंजारामाने आपली चार जाडजूड बोटे नातवाच्या गुडघ्याखाली ठेवली. ती थेट पोटरी ओलांडून गेली.

“पोट वर हाये, इवाई! तुमी घोट्याकडं काहून निंगाले?”

पुंजाराम ओशाळून आपल्या बोटांकडे पाहत राहिला. सुताराने मोजली ती सुताराची बोटे नव्हती! माप रोग्याच्या बोटांचे, वैद्याच्या नव्हे. जन्मभर इतरांचा कापूस मोजणाऱ्या ह्या महापुरुषाला हे आत्ता उमगले. त्याने गोंदूचीच इवली बोटे त्याच्या गुडघ्याखाली टेकविली, पण सुई दिसताच पोराने पाय ओढून टाहो फोडला, “पयले आबाजीले टोच!”

“लेकरू बराबर बोलते,” पार्बताबाईने निकाल दिला. “सोता टोचून घ्या, मंग त्याले टोचा.”

 विळा आता पुरता लाल झाला होता, आणि वच्छला एकटक बापाकडे पाहत होती. पुंजारामाने धोतर वर केले, डोळे गच्च मिटले आणि सुई गोंदूच्याच हाती दिली. गोंदूने नुकतीच शिकलेली विद्या चालविली: आपली चार चिमुकली बोटे आजोबांच्या गुडघ्याला लावली आणि हाडाच्या ऐन खाली सुई खुपसली.

“अगं मायवो! मेलो!”

शास्त्रज्ञ महाशय एका पायावर अंगणभर नाचले, शेणाच्या पाटीत पडले, पुन्हा उठून नाचले. गोंदू पोट धरधरून हसला. हसता हसता त्याच्या देहातून असा दीर्घ नाद निघाला की खुंट्याच्या बैलाने रवंथ थांबविला. मग तो म्हणाला, “माय, भाकर दे.”

पार्बताबाईने त्याचे पोट दाबून पाहिले. मऊ होते. तिने विळा उचलून पाण्यात बुडविला.

“विळ्याच्या धाकानं बरा झाला,” ती म्हणाली. पुंजाराम अजून गुडघाच चोळीत होता. 

आता त्या घरात लेकरांचे पोट दुखले की विळा आढ्यालाच राहतो आणि अमरावतीस आबाजीला बोलावणे जाते, कारण पहिली सुई त्याच्याच गुडघ्यात टोचायची असते. विद्या चिनी, सुया अस्सल. गाढव तेवढे वऱ्हाडी.

एवढे गाढवपण सोशिकपणे वाचल्याबद्दल वाचकांचा ऋणी,
पुंजाराम खुशालराव, कापूसपारखी, अमरावती.