पंचवीस मिनिटांची नोंद

दंडाची पावती आली ती टपालाने, आणि तीही दोन आठवड्यांनी. सिस्टर नुकत्याच कामावरून येऊन, सुजलेल्या पायांखाली उशी घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याने पाकीट फोडून त्यांच्या हातात दिलं. आत त्यांच्याच गाडीचा फोटो होता.

गल्ली ओळखीची होती. तिथे गाडी उभी करायला मनाई, पण घरोघर फिरून जखमा धुणाऱ्या नर्सना सूट असे. काचेवर परवाना लावायचा आणि रुग्णापाशी असू तेवढाच वेळ थांबायचं. फोटोत परवाना लख्ख दिसत होता. मग दंड कशाचा?

"वेळ बघ," नवरा म्हणाला. "फोटो दहा पंचावन्नचा. आणि खाली लिहिलंय, तुझ्या रजिस्टरात दहा वीसला काम संपल्याची नोंद आहे. मधे कुठे हिंडत होतीस ते निदान मला तरी सांग."

सिस्टरना हसू आलं नाही. या वर्षातला हा तिसरा दंड. पहिल्या दोन वेळी परवाना लावायचाच राहिला होता, चूक आपली म्हणून त्यांनी निमूट पैसे भरून टाकले होते. तिसऱ्या दंडाला परवाना वर्षभर बंद. मग गाडी लांबच्या मैदानात लावून, बॅग खांद्याला मारून, या गुडघ्यांनी गल्ल्या तुडवायच्या. रोजचे नऊ रुग्ण सहावर येणार, आणि ऑफिस तिघांना खुशाल कात्री लावणार. कात्री लागायची ती अडचणीच्या घरांना. पहिलं घर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

गंमत अशी की फोटो निघाला त्या वेळी सिस्टर आजींच्याच उशाशी बसल्या होत्या.

रजिस्टरचं सांगायचं तर, एका ड्रेसिंगला ऑफिसने पंचवीस मिनिटं ठरवून दिलेली. जास्त लिहिली तर का लागली म्हणून विचारणार, कमी लिहिली तर पुढच्या महिन्यापासून तेवढीच देणार. म्हणून सगळ्या जणी पंचवीसच लिहीत. नव्या नर्सला हातमोजे कुठे ठेवलेत ते नंतर कळे, पंचवीसचं आधी कळे. सिस्टर अकरा वर्षं हातमोजे काढले की लगेच नोंद करत, सही ठोकत, आणि मग उरलेलं काम करत. त्या वहीची नक्कल दर पंधरवड्याला पार्किंगच्या कचेरीत जाते हे कुणाच्या गावी नव्हतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर सहीही करायची, दुसरं काय!

त्या दिवशीही तसंच झालं. आजी अंथरुणाला खिळलेल्या, पाठीला तळहाताएवढी जखम. दर दोन तासांनी कूस बदलायची, घशात कफ अडकला तर धावायचं, सगळं एकट्या सुनेच्या अंगावर. तिचा नवरा दूर कामाला, महिन्याकाठी दोन दिवस येणारा. सिस्टरनी पट्टी बांधली, नोंद केली, वळून पाहिलं तर सून खुर्चीतच डोळे मिटून बसलेली, मांडीवर टॉवेल तसाच. तिला उठवायचं सिस्टरच्या जिवावर आलं. आजींना एकटं टाकूनही जाववेना. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि आजींचा हात धरून बसून राहिल्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी सून दचकून उठली.

"अगंबाई, डोळा लागला वाटतं माझा!"

"दोनच मिनिटं गं," सिस्टर म्हणाल्या आणि बॅग उचलून निघाल्या.

आता नवऱ्याला हे सगळं सांगून त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे परवाना गेला तर. पाऊण तास झोपली तरी ती पोर." म्हणायला म्हणाल्या, पण रात्रभर गुडघे चोळत राहिल्या.

साक्षीला दुसरं होतं कोण? पुढच्या फेरीला त्यांनी सुनेपुढे पावती ठेवली आणि चाचरतच विचारलं, "दोन ओळी लिहून देशील? मी अकरापर्यंत इथेच होते आणि तुझा डोळा लागला होता, एवढंच."

सुनेचा चेहरा उतरला. "झोपले होते असं लिहू? वन्संच्या कानावर गेलं तर? आधीच म्हणतात, आईकडे लक्ष नसतं माझं."

"मग राहू दे," सिस्टर म्हणाल्या. त्यांना विचारल्याचीच लाज वाटली. सून टॉवेलाची घडी घालत राहिली. पण दोन दिवसांनी दारातून निघताना तिने डिंकाने चिकटवलेलं पाकीट हातात कोंबलं. "तिथेच उघडा, सिस्टर. इथे नको."

पार्किंगच्या कचेरीतला साहेब सर्दीने बेजार होता. नाक पुसत त्याने रजिस्टरची नक्कल पुढे सरकवली.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"मग बाई, मी ऐकू कुणाचं? तुमचं की तुमच्या सहीचं?"

"सही खरी आहे. वेळ खोटी आहे."

"त्या दिवसाचीच?"

सिस्टरनी नक्कल परत साहेबाकडे सरकवली. त्यांना खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. "अकरा वर्षांची," त्या म्हणाल्या. "पण मी माझ्या वहीचं बोलतेय. दुसऱ्या कुणाच्या नाही."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "हे मला तुमच्या ऑफिसला कळवावं लागेल."

"कळवा."

"बरं, तुम्ही तिथे होतात हे पाहिलं कुणी?"

"सून होती घरात. तिचा डोळा लागला होता."

"म्हणजे झोपलेल्या माणसाची साक्ष घेऊ?"

हे काही सिस्टरच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी पाकीट पुढे केलं, आता हेही फुकट असं मनाशी म्हणत. साहेबाने ते फोडलं, एकदा मनात वाचलं, मग नाक पुसून मोठ्याने वाचलं.

"'सिस्टर अकरा वाजून पाच मिनिटांनी गेल्या. मला नक्की माहीत आहे, कारण मी झोपले नव्हते. डोळे मिटले होते, पण सिस्टरनी बॅग खाली ठेवली आणि त्या आईंजवळ बसल्या ते मला कळलं. मी हलले तर त्या उठून जातील म्हणून हलले नाही. मधूनमधून डोळे किलकिले करून घड्याळ बघत होते. आता जातील, आता जातील, हेच डोक्यात. त्या धास्तीने झोप काही आली नाही. पण तेवढा वेळ मला उठायचं नव्हतं. सिस्टरना फसवलं, त्यांनी माझ्यावर रागावू नये.'"

साहेबाने कागदाची घडी केली, पावतीवर 'रद्द' असा शिक्का मारला आणि खाली सही केली.

"झोपली नव्हती म्हणून साक्ष चालली," तो म्हणाला. "सुटलात, बाई. परवाना राहिला तुमचा. रजिस्टरचं तुमचं ऑफिस आणि तुम्ही बघून घ्या."

सिस्टर जागच्या उठल्या नाहीत. साहेबाने पुढची फाइल ओढली, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

"काय झालं? जिंकलात की."

"ती झोपली नव्हती हो," सिस्टर म्हणाल्या.